गुरुवारचा कार्यक्रम

चाकणच्या कांद्यामुळे माझं लग्न मोडलं, असं आमच्या आळीत अजून सांगतात. साफ खोटं. मोडायला ते आधी जमावं लागतं. खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, म्हणजे बरंचसं ठाऊक आहे. चूक नेमकी कुणाची होती, हे मात्र पाच वर्षं झाली तरी मला उमगलेलं नाही.

सगळा घोळ एका शब्दाचा. मुलीला बघायला पाहुणे येतात त्याला आपण ‘कार्यक्रम’ म्हणतो. टीव्हीवर लागतो तोही कार्यक्रमच. एवढी मोठी मराठी भाषा, तिला दोन वेगळे शब्द मिळू नयेत! ज्याने कुणी हा शब्द दोन्हीकडे लावला, त्याला एकदा नवी साडी नेसवून, हातात पोह्यांची बशी देऊन चार परक्या माणसांसमोर बसवायला हवं होतं.

मी चतुरा. भोसरीची, म्हणजे मूळच्या गावठाणातली. नावाप्रमाणे असते तर ही गोष्ट घडलीच नसती.

अठ्ठ्याहत्तर सालचा वैशाख. आमच्या आळीत तेव्हा टीव्ही एकच होता, आमचा. सरकत्या शटरचा लाकडी खोका, त्यावर आईने विणलेला रुमाल, आणि कौलांवर बांबूला बांधलेली अँटेना. आईला वाटलं, गुरुवारच्या गाण्यांसाठी घेतला. गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे त्या संध्याकाळी भाडेकरू, शेजारीपाजारी, सगळे आमच्या पुढच्या खोलीत. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो गाण्यांसाठी घेतलाच नव्हता. त्यांना शेतीचा कार्यक्रम बघायचा असे.

शेती तर आमच्याकडे वीतभर उरली नव्हती. मी दहा-बारा वर्षांची असताना सगळी जमीन कारखान्यांसाठी गेली. जिथे आमची ज्वारी होती तिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, आणि अण्णा त्यातल्याच एका कंपनीच्या गेटवर खाकी घालून बसू लागले. तरी शेतीचा कार्यक्रम लागला की हे मांडी घालून पुढे बसणार, गव्हावरचा तांबेरा आणि डाळिंबाची छाटणी डोळ्यांत तेल घालून बघणार. आळीतली बाकीची माणसं तेवढ्या वेळापुरती ओट्यावर जाऊन विड्या ओढत. त्यांच्याही जमिनी गेल्या होत्या. त्यांना ते बघवत नसावं, किंवा कंटाळा येत असावा. मला दोन्ही खरं वाटतं.

आता कुणी कुणाच्या घरी टीव्ही बघायला जात नाही. त्र्याऐंशी साल आहे, ज्याच्या त्याच्या खोलीत ज्याचा त्याचा खोका. रात्री दिल्ली लागते, हिंदीतून बातम्या येतात, मध्ये जाहिरातीतल्या बायका हसत हसत कपडे धुतात. शेतीचा कार्यक्रम कधी लागून जातो ते अण्णांनाही सांगता येत नाही. परवा शेजारच्या मुलीला बघायला आलेल्यांनी तिचं नाव विचारण्याआधी विचारलं, “रंगीत आहे का?” बिचारी सावळी आहे, तिचा चेहराच पडला. ते टीव्हीबद्दल विचारत होते.

तर माझे तोवर नऊ कार्यक्रम झाले होते. टीव्हीचे नव्हेत, माझे. मी भोसरीतच एका वर्कशॉपमध्ये मोटरच्या कॉइल गुंडाळायला जायची, ते एका घराला खपलं नाही. एकाला माझी उंची जास्त वाटली. बाकीच्यांनी ‘कळवतो’ म्हणून सांगितलं. त्या नऊ मुलांपैकी एकाचाही चेहरा मला सांगता येणार नाही, कारण मान खाली घालून बसायचं असतं. मला नऊ जणांचे पाय आठवतात. नकारांचं मला दुःख झालं असं म्हणणं खोटं होईल. राग येई, पोहे करण्यात गेलेल्या सुट्टीचा.

नवव्यानंतर मी आईला स्पष्ट सांगितलं, “आता एकच. दहावा झाला की मी बसणार नाही.” दहावा म्हटल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. तिला वेगळाच दहावा आठवला असणार.

“शेवटाचं तर शेवटाचं,” ती म्हणाली, “पर नीट बस.”

अण्णांचे चुलतभाऊ आबाजी दर शनिवारी चाकणच्या बाजाराला जात. अण्णांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, तिकडे कुठे स्थळ असेल तर बघा. एका शनिवारी आबाजी परत आले ते दारातूनच ओरडत, “सोपाना, चाकणचं मारुतराव येनार हायती गुरवारी! कार्यक्रम बघायला. तिघं जनं. चालंल का म्हनून इचारलंय.”

“न चालायला काय झालं!” अण्णा म्हणाले. “मुलगा काय करतो?”

“घरची शेती हाय की. कांदा.”

एवढंच बोलणं झालं. मी पिठाचे हात घेऊन आतल्या दारात उभी होते, प्रत्येक शब्द कानांनी ऐकला. मुलगा काय करतो हा अण्णांचा प्रश्न, आणि त्याला आबाजींनी दिलेलं ते उत्तर. आता आबाजी शपथेवर सांगतात की मारुतरावांनी कार्यक्रम म्हटलं आणि त्यांनी कार्यक्रम सांगितलं. मग त्यांना त्यातून काय कळलं होतं, असं विचारलं की ते तपकिरीची डबी उघडतात.

गुरुवारी पाच वाजता एसटीतून उतरून पाहुणे आले. मारुतराव, त्यांची बायको सोजराबाई आणि मुलगा ज्योतीराम. मारुतरावांच्या डोक्याला कडक फेटा, अंगात लग्नात घालायचा कोट, वैशाखाच्या उन्हात. सोजराबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आईने फडक्याच्या पडद्याआडून बघितलं आणि माझ्या दंडाला चिमटा काढला. “मानसं हौशी हायती गं,” ती कुजबुजली.

मी आत पोह्यांवर कोथिंबीर घालत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

“आमची पयलीच येळ हाय,” मारुतराव म्हणाले. “छाती धडधडतीया बगा.”

“आमचं हे धावं,” अण्णा म्हणाले, “तरीबी धडधड व्हतीच.”

मारुतराव मोठ्या आदराने म्हणाले, “धावं? तुमचं नऊ येळा झालं म्हनता?”

“झालं की.”

“अन् फुडं?”

“फुडं काय! कळवतो म्हनत्यात, अन् कळवत न्हाईत.”

“आमालाबी कळवतो म्हनून गेल्ते,” मारुतराव म्हणाले. “पर कार्ड आलं बगा. छापील.”

छापील कार्ड? मी चमचा हातात धरून उभी राहिले. मुलगी बघायला जायचं छापील कार्ड कोण पाठवतं? चाकणला तशी पद्धत असेल, असं मी मनाला सांगितलं. सोजराबाईंनी आईला विचारलं, “किती वाजता असतंया?” आई म्हणाली, “तुमी म्हनाल तवा. आमची तयारी हाय.” त्यावर सोजराबाई गोंधळून म्हणाल्या, “आमच्या म्हनन्यावं कुटं असतंया, माय. ते त्येंच्या टायमानंच व्हनार.” आईला वाटलं, मुहूर्ताचं बोलतायत. तिने हात जोडले.

मग मला बाहेर नेलं. आईने माझी बसायची जागा नीट विचार करून ठरवली होती. पुढच्या खोलीत उजेड चांगला पडतो तो टीव्हीपाशी, म्हणून खुर्ची बरोबर टीव्हीच्या पुढ्यात ठेवली होती. मी बशा दिल्या आणि खुर्चीवर बसले, खांद्यावरून पदर, मान खाली. पाठीला शटरचं लाकूड लागत होतं.

मारुतराव घड्याळ बघत होते. त्यांच्या वहाणा अस्वस्थपणे हलत होत्या, तेवढं मला दिसत होतं.

“इचारा की,” अण्णा म्हणाले. “काय इचारायचं आसंल ते इचारा.”

“इचारायचं काय त्यात,” मारुतराव घसा साफ करत म्हणाले. “बगायलाच आलोय. तेवडं जरा वर...”

“मान वर कर गं,” आई लगेच म्हणाली.

मी मान वर केली. मारुतराव माझ्याकडे बघत होते, पण माझ्याकडे नव्हते बघत. ते फार अवघडले होते. शेवटी अगदी मायेने म्हणाले, “पोरी, वाईच बाजूला सरतीस का? शटर उघडाया हवं. कार्यक्रम चालू व्हईल.”

मला कळलं. त्या खोलीत सगळ्यांत आधी मला कळलं. कानशिलं तापली आणि सोबत हसूही येऊ लागलं, ते कुठून आलं कोण जाणे. आईला काही कळलं नव्हतं. तिला वाटलं पाहुण्यांना आधी टीव्ही बघायचाय, बघू दे, हौशी माणसं आहेत. तिने मला डोळ्यांनी बजावलं, उठू नकोस. मी खुर्ची उचलून टीव्हीच्या शेजारी ठेवली आणि तिथेच बसले. अण्णांनी शटर सरकवलं, बटण पिळलं. त्यांना काय कळलं होतं ते त्यांच्या तोंडावरून सांगता येत नव्हतं. गेटवर बसून बसून त्यांचा चेहरा तसाच झालाय.

खोका तापायला वेळ लागे. तेवढ्यात सोजराबाईंनी अभिमानाने आईला सांगितलं, “आमच्या मालकांचं घेतलंय ह्यात. महिन्यामागं मोटार आलती मुंबईची. दीसभर आमच्या वावरात व्हते.”

चित्र आलं. मुंग्या होत्या, त्यातून एक साहेब दिसू लागला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. कांदा कसा साठवावा यावर तो पुस्तकी मराठीत बोलू लागला. मारुतराव गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले. सोजराबाईंनी पदर सावरला, जणू साहेब त्यांच्याच घरी आला होता.

आता ऐका. नऊ कार्यक्रमांत जे कधी झालं नव्हतं ते त्या संध्याकाळी झालं. सगळ्यांचे डोळे टीव्हीकडे, आणि मी टीव्हीच्या शेजारी बसलेली, तोंड त्यांच्याकडे. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मान खाली घालायचं काही कारणच उरलं नाही. मी बघू लागले.

मी ज्योतीरामकडे बघितलं. पायांकडे नव्हे, चेहऱ्याकडे. रुंद कपाळ, उन्हाने रापलेलं, टोपीच्या रेषेवर गोरं. उजव्या भुवईत एक जुनी खोक. पोह्यांची बशी त्याने मांडीवर ठेवली होती आणि खायचं विसरून गेला होता. माणसाचा चेहरा इतका वेळ बघायला मिळतो हे मला माहीतच नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटेना, म्हणून मी आणखी गोंधळले.

टीव्हीत साहेब बोलतच होता. त्याच्यामागे कांद्याची चाळ होती, लाकडी पट्ट्यांची, हवा खेळती राहावी म्हणून केलेली. साहेब बाजूला झाला तेव्हा एका फेट्याचं टोक दिसलं आणि गेलं. मग एक हात दिसला, कांदा धरलेला. साहेबाने तो कांदा घेतला, हात गेला. मारुतराव आणखी पुढे वाकले. मग साहेबाने नमस्कार केला आणि दुसरंच काही, कोंबड्यांचं, सुरू झालं.

मारुतराव तसेच वाकलेले राहिले. तो मोठा कोट, तो कडक फेटा. “मी बोललो व्हतो,” ते म्हणाले, “लई बोललो व्हतो.”

सोजराबाई मांडीवरचं लुगडं सारखं करत राहिल्या. आणि ज्योतीराम, जो सगळा वेळ टीव्हीकडे कमी आणि बापाकडे जास्त बघत होता, एकदम मोठ्यांदा म्हणाला, “दादा, चाळ तर आपलीच दावली की! काय झ्याक दिसली! त्यो साएब नुसता उभा व्हता, बोलली ती तुमची चाळ.”

मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते ती ही गोष्ट, आणि आळीत ती कुणीच सांगत नाही. तो तसं म्हणाला, बापाच्या पाठीवर हात ठेवून, आणि माझ्या मनात काहीतरी जागेवर बसलं. मला तो आवडला. सरळ सांगते. भुवईतल्या खोकेसकट आवडला.

अण्णांनीही त्याच क्षणी तोंड उघडलं. “ती चाळ कुनी बांधली?” ते विचारत होते, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. “खालून किती हात मोकळी ठिवली?”

मारुतरावांनी मान वर केली. “मीच बांधली. खालून दोन.”

“अन् पानी?”

“वरून उसाचं पाचट.”

दोघं सुरू झाले. बियाणं, वाफे, पातीची मान पडल्यावर काढणी. अण्णा पंधरा वर्षांत इतकं बोलले नव्हते. आपल्याला मुलगी आहे आणि ती शेजारी बसलीय, हे ते पार विसरले. मी रागावले नाही. मला तेवढा वेळ आणखी मिळाला.

मग ओट्यावरची माणसं गाण्यांसाठी आत येऊ लागली आणि मारुतराव उठले. शेवटची एसटी निघून जाईल म्हणाले. अण्णांचे हात हातात घेऊन म्हणाले, “लई उपकार झालं, सोपानराव.” आई दाराशी आडवीच आली.

“अन् पोरीचं?” ती म्हणाली.

“कंच्या पोरीचं?” सोजराबाईंनी विचारलं.

आईने माझ्याकडे बोट केलं. सोजराबाईंनी माझ्याकडे बघितलं, माझ्या साडीकडे, खुर्चीकडे, रिकाम्या बशांकडे, आणि त्यांच्या तोंडाचा रंगच उतरला. “अगं माय माझे!” त्या खाली बसल्या. “आबाजी काय बोललं न्हाई वो असलं! आमी तर ह्येंचं बघायला...”

खोलीत वीसेक माणसं जमली होती, त्यांत आबाजीही होते, सगळी ऐकत होती. अण्णांनी आबाजींकडे बघितलं, आबाजींनी टीव्हीकडे. मग अण्णा असं काही म्हणाले की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मी श्वास धरून उत्तराची वाट बघत राहिले.

“आता आलाच हाय,” ते म्हणाले, “तर बघूनच जावा.”

ज्योतीरामने तेव्हा माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. नऊ वेळा मी ज्या नजरेसाठी पावडर लावली ती हीच की काय, कोण जाणे. मी मान खाली घातली नाही. तोही काही क्षण बघतच राहिला, मग त्याने डोळे वळवले.

“सोपानराव,” मारुतराव खालच्या आवाजात म्हणाले, “लेकराची सुपारी फुटली चैतात. खेडची मुलगी हाय. लगीन येत्या जेठात.”

सोजराबाई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. “आदी ठावं असतं तर...” त्या म्हणाल्या. तिघं निघून गेले. आत गाणी सुरू झाली. कुणीतरी मागून ओरडलं, आवाज वाढवा.

मी चुलीपाशी येऊन बसले. आई मागोमाग आली आणि उरलेले पोहे पातेल्यात घालता घालता आबाजींच्या सात पिढ्या काढू लागली. “जाऊ दे,” मग ती मला म्हणाली, “जीवाला लावून घिऊ नगं. त्यांनी काय तुला नकार दिला न्हाई. ते बघायलाच आलं नव्हतं.”

तेच तर. नऊ जणांनी नाकारलं तेव्हा डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आणि ह्याने मला नाकारलंही नव्हतं, नि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. आई घाबरली. तिला वाटलं आळीसमोर झालेल्या शोभेचं रडतेय.

“मला पसंत होता,” मी म्हणाले.

“कोन?” आई म्हणाली.

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तशी. तीस वर्षं संसार केलेली माझी आई. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती आत पीठ चाळत बसली होती, एवढंच ती सांगते.

“मंग ह्या आदीच्या नवांतला,” तिने हळूच विचारलं, “येकबी न्हाई आवडला?”

“आई,” मी म्हणाले, “त्यातला एकतरी मी बघितला होता का?”